फाइल नक्की आहे कुठे?

या वेळच्या बऱ्याच पत्रांत 'संगणकावर काहीतरी एरर येतो' एवढंच लिहिलंय. 'काहीतरी'वर माझ्याकडे औषध नाही. पडद्यावर जे दिसतं त्याचा मोबाइलने फोटो काढा, कोड असेल तर आकडा न् आकडा उतरवा आणि आदल्या दिवशी संगणकावर काय नवीन केलं होतं तेही कळवा. ज्यांनी एवढे कष्ट घेतले त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

ताई, लॅपटॉपचा सी ड्राइव्ह भरून लाल झाला होता. सगळं क्लाउडवर चढलेलं आहेच, म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरमधले जुने फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन लॅपटॉपवरून डिलीट केले. आता ते वेबसाइटवर नाहीत, मोबाइलवरही नाहीत. लॅपटॉपच्या रीसायकल बिनमध्ये थोड्याच फाइली सापडल्या. बाकीच्या गेल्या का? – एक निवृत्त लेखापाल

काका, गेलेल्या नाहीत, पण आजच हालचाल करा. ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, वेबसाइटवर जा. डाव्या बाजूला तिथला वेगळा रीसायकल बिन आहे, तुमच्या फाइली त्यात पडल्या असणार. निवडा आणि 'रिस्टोर' म्हणा. घरगुती खात्यात त्या ३० दिवस राहतात, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यात साधारणपणे ९३ दिवस. मात्र तो बिनच भरला असेल तर सर्वांत जुन्या फाइली तीन दिवसांतच काढल्या जाऊ शकतात, म्हणून घाई करा म्हणते.

आता हे झालं कसं? वनड्राइव्हचं फोल्डर म्हणजे क्लाउडवर पाठवलेल्या मालाची घरी उरलेली जादा प्रत, असा तुमचा समज झाला. तसं ते नाही. लॅपटॉप, मोबाइल, वेबसाइट या तिन्ही ठिकाणी दिसते ती एकच फाइल. एकीकडे पुसली की सगळीकडे पुसली जाते. सिंकचं कामच ते. फाइलीशेजारचं चिन्ह बघायची सवय लावा. निळ्या रेषेचा ढग असेल तर फाइल फक्त क्लाउडवर आहे, लॅपटॉपवर नुसतं नाव आहे. पांढऱ्या गोलात हिरवी टिक असेल तर ती सध्या लॅपटॉपवरही उतरलेली आहे. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक असेल तर ती कायम लॅपटॉपवर ठेवायची असं तुम्हीच कधीतरी सांगितलेलं आहे. निळ्या ढगाच्या फाइली डिस्कवर नव्हत्याच, त्यामुळे पुसल्यावर लॅपटॉपच्या बिनमध्ये पडायला तिथे काही नव्हतं. म्हणून तुम्हाला थोड्याच सापडल्या.

जागा मोकळी करायची तर फाइलीवर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाइल क्लाउडवर राहते, डिस्कवरची जागा सुटते. 'डिलीट'ला त्या कामासाठी हात लावायचा नाही.

आणि रागाच्या भरात वनड्राइव्हचा बॅकअप, म्हणजे डेस्कटॉपसारखी फोल्डरं वनड्राइव्हमध्ये ठेवणारी सोय, बंद करू नका. तसं केलेल्या एका वाचकाचा डेस्कटॉप रिकामा झाला आणि त्यावर 'व्हेअर आर माय फाइल्स' असं एकच आयकॉन उरलं. त्यांच्याही फाइली जागेवरच होत्या. विंडोजमध्ये तेव्हा दोन डेस्कटॉप असतात: एक यूजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात, दुसरा त्याच नावाच्या आतल्या वनड्राइव्ह फोल्डरात. बॅकअप चालू असताना तुम्ही दुसऱ्यात काम करत असता, बंद केला की विंडोज पहिला दाखवतं. दुसऱ्यातलं सामान उचलून पहिल्यात आणायचं, झालं.

फोटो आणि स्कॅन परत आले की त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. सिंकला बॅकअप म्हणायची पद्धत कंपन्यांनीच पाडली आहे, मला ती पटत नाही.

जीमेल 'स्टोरेज फुल' म्हणतं, मेल येणं बंद झालंय. हजारो मेल पुसले, गूगल ड्राइव्हमधल्या इतरांनी शेअर केलेल्या फाइलीही काढल्या. आकडा जागचा हलत नाही. – एक छायाचित्रकार

मेहनत चुकीच्या जागी गेली. फुकटची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. इतरांनी शेअर केलेल्या फाइली त्यांच्या खात्यात मोजल्या जातात, त्या काढून तुमचं काही सुटत नाही. साधे मेल किलोबाइटमध्ये असतात, जागा खातात त्या अटॅचमेंट. जीमेलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'लार्जर', कोलन आणि '१०एम' असं सलग टाइप करा. १० एमबीच्या वरचे मेल समोर येतील. ते पुसा आणि मग ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर तिथे ३० दिवस जागा अडूनच राहते.

तुमचा धंदा पाहता खरा खड्डा फोटोंमध्ये असणार. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त (म्हणजे थोडे दाबून लहान करून) चढवलेले फोटो मोजले जात नाहीत, नंतरचे सगळे मोजले जातात. अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच १५ जीबीत धरतात. त्यातून व्हिडिओ वगळण्याची सोय व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये आहे, ती वापरा.

शाळेचं जुनं दप्तर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना 'नाव फार लांब आहे' असा एरर येतो. नावं तर जेमतेम चार-पाच शब्दांची आहेत, 'विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी' अशा धर्तीची! शिवाय सहकाऱ्यांनी मॅकवर केलेली 'हजेरी?' ही फाइल वनड्राइव्हवर चढत नाही. – एक शिक्षिका

बाई, तुम्ही डोळ्यांनी मोजताय, विंडोज वेगळं मोजतं. ते फक्त फाइलीचं नाव बघत नाही. ड्राइव्हच्या अक्षरापासून वाटेतल्या प्रत्येक फोल्डरासकट पूर्ण पत्ता मोजतं, आणि जुनी मर्यादा आहे २६० चिन्हांची. त्यात आपल्या लिपीची गंमत अशी, की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह धरलं जातं. तुमच्या पत्रातला 'विद्यार्थ्यांची' हा शब्द घ्या. आपल्याला दिसतात चार अक्षरं. संगणकाच्या हिशेबी व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, वेलांटी अशी पंधरा. असे चार शब्द आणि तशाच नावांची एकात एक तीन-चार फोल्डरं झाली की २६० कधी ओलांडले ते कळतही नाही. शिवाय संस्थेच्या खात्याच्या वनड्राइव्ह फोल्डरात असाल तर पत्त्याच्या सुरुवातीलाच संस्थेचं लांबलचक नाव लागलेलं असतं.

उपाय: सर्वांत वरच्या फोल्डरांची नावं आखूड करा. 'विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी' ऐवजी 'तपासणी' पुरे. मग कॉपी करताना नव्या डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर टाका, आत खोल नको. २०१६ सालच्या विंडोज १० च्या अपडेटपासून ही मर्यादा उठवण्याची सेटिंग आहे हे खरं, पण फाइल एक्सप्लोरर स्वतःच ती जुमानत नाही, म्हणून मी तिच्या नादी लागत नाही. हेच दप्तर कधी लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रावर न्यायचं झालं तर एकेका नावाची मर्यादा तिथे सहसा २५५ बाइट असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे एका नावात फार तर ८५ चिन्हं.

तुमच्या सहकाऱ्यांनी मॅकवर केलेली 'हजेरी?' ही फाइल वनड्राइव्हवर चढत नाही, त्याचं कारण ते प्रश्नचिन्ह. कोलन, तारका, तिरपी रेघ हेही नावात नको.

लॅपटॉप चालू केला तर निळा पडदा, 'बिटलॉकर रिकव्हरी की टाका'. मी असलं काही लावलेलं नाही. आदल्या दिवशी बायोस अपडेट झालं होतं, एवढंच. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट करू. – एक विद्यार्थी

दुरुस्तीवाल्याला थांबव! तुझा डेटा शाबूत आहे, फक्त कुलूपबंद आहे. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक वेळा डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, कुणी विचारत नाही. किल्ली मशीनमधल्या टीपीएम चिपकडे असते. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, बदललं की चिपला मशीन अनोळखी वाटतं आणि ती किल्ली देत नाही.

मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये तुझ्या लॅपटॉपखाली बिटलॉकरच्या किल्ल्या दिसतील. निळ्या पडद्यावर 'की आयडी' असतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळणारीच किल्ली घे. ती ४८ आकडी असते, सहा-सहाचे आठ गट. तुझ्या खात्यात नसेल तर आठव, लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कुणी करून दिला? दादाने, मामाने, दुकानदाराने? ज्याचं खातं तेव्हा टाकलं, किल्ली त्याच्याकडे. कॉलेजचं खातं असेल तर तिथल्या संगणक विभागाकडे. कुठेच नसेल तर मात्र डेटा विसर. मायक्रोसॉफ्टलाही ती काढून देता येत नाही आणि 'बिटलॉकर तोडून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नकोस.

किल्ली मिळाली की कागदावर उतरव आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नकोस.

जुन्या डेस्कटॉपवर रोज सकाळी ब्राउझर 'युवर क्लॉक इज बिहाइंड' म्हणतो, बँकेची साइट उघडत नाही, ड्राइव्ह सिंक होत नाही. तारीख नीट केली की दिवसभर ठीक. – एक वाचक

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. नाण्याएवढा, तीन व्होल्टचा, बहुधा सीआर २०३२. रात्री प्लग काढला की घड्याळाला तोच जगवतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. तुमचं घड्याळ काही वर्षं मागे गेलं की ब्राउझरच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. प्लग काढून सेल बदला, अधिक खुणेची बाजू वर. नंतर बायोसमध्ये जाऊन वेळ लावा. तोवर बँकेच्या साइटवर 'तरीही पुढे जा' हे बटण दाबू नका.

रोज रात्री शट डाउन करते, तरी प्रत्येक जण 'आधी रीस्टार्ट करा' सांगतो. फरक काय? – एक गृहिणी

फरक आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवतात, कालच्या बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग सीपीयू, तिथे 'अप टाइम' पाहा. रोज बंद करूनही तिथे कित्येक दिवस दिसतील.

पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा असून लग्नाचा व्हिडिओ 'फाइल टू लार्ज' म्हणतो. – एक वाचक

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही. आतलं सगळं दुसरीकडे उतरवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट३२ च ठेवा आणि व्हिडिओचे दोन तुकडे करून घ्या.