गांडुळाच्या पोटात मातीचे काय होते?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कपाशीच्या शेतात, विशेषतः धुऱ्याच्या कडेने, गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात. माती आमच्याच शेतातली, मग गांडुळाच्या पोटातून गेल्याने तिचा कस कसा वाढतो? गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळे शेतात सोडली तर चालतील का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपली शंका रास्त आहे. गांडूळ स्फुरद किंवा पालाश नव्याने निर्माण करीत नाही. माती आणि काडीकचऱ्यात अडकून पडलेली अन्नद्रव्ये ते पिकाला घेता येतील अशा रूपात आणते, आणि त्यातले बरेचसे काम सूक्ष्मजीवांकडून करून घेते.

गांडुळाला दात नसतात. मातीबरोबर गिळलेला कुजका पाला त्याच्या स्नायुमय पेषणीत वाळूच्या कणांसोबत भरडला जातो आणि पुढे आतड्यात त्यात भरपूर पाणी व सहज पचणारा चिकट स्राव मिसळतो. मातीतले बहुतेक जिवाणू एरवी अन्नाअभावी सुप्त पडलेले असतात; ही ओल आणि हे आयते अन्न मिळताच ते जागे होतात व एकट्या गांडुळाला न पचणारे तंतुमय पदार्थ फोडू लागतात. सगळेच त्यातून तगतात असे नाही. काही बुरशी व आदिजीव वाटेतच पचून जातात, त्यामुळे बाहेर पडणारा सूक्ष्मजीवांचा समूह आत गेलेल्यापेक्षा वेगळा असतो. आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसल्याने थोडा नत्र वायुरूपाने निसटतो, हेही नमूद केले पाहिजे.

ताज्या विष्ठेत अमोनियाच्या रूपातला नत्र भरपूर असतो आणि पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. गोळी वाळली की ही लगबग मंदावते, पण तिची घडण टिकते. वाळलेली एक गोळी आणि शेजारचे तेवढेच ढेकूळ पाण्यात टाकून पाहा : ढेकूळ सहसा आधी विरते, कारण गोळीतले कण स्रावाने आणि जिवाणूंच्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात. आपल्या चोपण होऊ पाहणाऱ्या काळ्या जमिनीत मला हा लाभ नत्राइतकाच मोलाचा वाटतो.

वाफ्यातली गांडुळे शेतात सोडू नयेत. खतासाठी सर्रास वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात शेण व कुजत्या कचऱ्यात राहणारी असून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत ती तगत नाही. स्थानिक गांडुळे मात्र खोल जाऊन, अंगाचे वेटोळे करून उन्हाळा काढतात आणि पावसाने वर येतात. तेव्हा त्यांना खायला मिळाले पाहिजे. जनावरांना पुरून उरलेले सोयाबीनचे कुटार धुऱ्यावर पेटवण्याऐवजी पावसाच्या सुरुवातीला शेणखतासोबत कपाशीच्या दोन ओळींमध्ये पसरावे.