जुन्या फाँटमधले लेखन युनिकोडमध्ये आणताना

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपल्या वडिलांनी १९९७ ते २००८ या काळात लिहिलेले सुमारे दीडशे लेख काही वर्डच्या आणि काही पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आहेत, त्या आजच्या लॅपटॉपवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसते, आणि हे लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, कसे आणावे व पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून कोणत्या ॲपमध्ये ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी वीस वर्षे प्रोग्रॅमिंग करतो आहे आणि आधी घरच्यांसाठी, मग ओळखीच्यांसाठी अशा पुष्कळ फायली सोडवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम धीर देतो, की फायली बिघडलेल्या नाहीत. त्या काळच्या फाँटमध्ये एकूण २५६ जागा असत आणि फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. फाँट हजर असेल तर पडद्यावर ‘मराठी’ दिसते, नसेल तर ती पाच अक्षरे उघडी पडतात. श्रीलिपी, शिवाजी, आकृती यांची मांडणी आणखी निराळी, त्यामुळे एका फाँटची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. पीडीएफ करून ठेवणे हाही यावरचा उपाय नव्हे. पीडीएफमध्ये फाँट आत बांधलेला असल्यामुळे पान सुरेख दिसते, पण त्यातला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की तीच इंग्रजी माळ बाहेर येते, आणि त्यात शोधही घेता येत नाही.

वडिलांनी असा फाँट वापरला यात त्यांची काही चूक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. देवनागरीसाठी इस्की हे, कोणते अक्षर कोणत्या क्रमांकाने साठवायचे ते ठरवणारे भारतीय मानक १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ते पक्के झाले. युनिकोडमधला देवनागरीचा भाग त्या १९८८ च्या मांडणीवरच बेतलेला आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह युनिकोड देवनागरीची सोयही आली. परंतु छपाईचे जग पेजमेकरवर चालत होते, पेजमेकरला युनिकोड देवनागरी अखेरच्या ७ व्या आवृत्तीपर्यंत कळली नाही, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. ज्याला दिवाळी अंकात लेख छापून आणायचा होता, त्याने प्रेसला चालेल त्या फाँटमध्ये लिहिले.

आता प्रत्यक्ष काम. मूळ फायलींची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सारे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. वर्डच्या फायली लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, आणि पेजमेकरच्या पुष्कळ फायलीही उघडतात, कारण ४.४ आवृत्तीपासून त्यात तशी सोय आहे. फाइल उघडल्यावर मजकुरावर कर्सर ठेवून फाँटचे नाव टिपून घ्या. तो फाँट आपल्या संगणकावर नसला, तरी नाव फाइलमध्ये असतेच.

येथे बहुतेक जण एक चूक करतात. सारा लेख एकदम निवडून ते एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकतात. लेखात मध्येच इंग्रजी फाँटमध्ये लिहिलेला एखादा शब्द, पत्ता किंवा पुस्तकाचे नाव असते. कन्व्हर्टरला फाँट दिसत नाही, त्याला सगळी इंग्रजी अक्षरेच दिसतात, म्हणून तो त्या शब्दाचाही देवनागरी चुरा करून ठेवतो आणि मूळ शब्द काय होता हे नंतर ओळखता येत नाही. त्यासाठी फाँटनिहाय तुकडे वेगळे करूनच रूपांतर केले पाहिजे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येत असेल, तर फाइल वर्डच्या डॉक्स रूपात साठवून तिच्यातला प्रत्येक तुकडा आणि त्याचा फाँट वाचता येतो, आणि जुना फाँट असलेल्याच तुकड्यांवर जुन्या अक्षरांतून युनिकोडमध्ये नेणारा तक्ता चालवता येतो. पायथन येत नसेल, तर कन्व्हर्टरकडे जाण्यापूर्वी इंग्रजी शब्दांच्या जागी खुणेचे आकडे घालून ठेवावेत. काम वेळखाऊ आहे, पण खात्रीचे आहे.

तक्ता म्हणजे या अक्षराच्या जागी ते अक्षर एवढेच असते तर हे काम तासाभरात संपले असते. खरी अडचण क्रमाची आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग पाय मोडलेला स, मग थ. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो, म्हणून ती वेलांटी उचलून संपूर्ण जोडाक्षराच्या मागे न्यावी लागते. रफाराचे नेमके उलटे आहे. ‘मूर्ती’मधला रफार जुन्या फाँटमध्ये ‘ती’च्या नंतर येतो, त्याला पुढे आणून ‘त’च्या आधी बसवावे लागते. शिवाय ख, घ, भ यांसारखी अक्षरे काही फाँटमध्ये अर्धे अक्षर आणि काना अशा दोन तुकड्यांत असतात. तो काना खरा की अक्षराचा दांडा, हे तक्त्याला ठाऊक असावे लागते.

मराठीचा खास प्रश्न ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतल्या चंद्रकोरीसारख्या र चा. हिंदीत तो नाही, म्हणून हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कन्व्हर्टरमध्ये तो पुष्कळदा गळतो किंवा त्याचा रफार होतो. मग ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहिले असेल तेथे ‘दर्या’ येतो, म्हणजे समुद्र, आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली बिदागी ‘आचार्यांना’ जाते. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे कोणताही शब्दतपासनीस त्यांवर लाल रेघ ओढणार नाही. ही तपासणी माणसानेच करायची आहे, आणि ती वडिलांची शैली ओळखणाऱ्या माणसाने केली तर अधिक चांगले.

आणखी एक खोड वर्डच्या आपोआप दुरुस्तीची. वाक्याच्या आरंभीचे इंग्रजी अक्षर मोठे करण्याची सवय त्यात चालू असे, आणि कृतिदेवमध्ये छोटा आय म्हणजे ‘प’ तर मोठा आय म्हणजे पाय मोडलेला ‘प्’. टंकन करणाऱ्याच्या लक्षात न येता असे बदल होत, आणि ते मूळ फायलीतच असतात. परिच्छेदाच्या पहिल्या अक्षराकडे म्हणून नीट पाहा.

यंत्राकडून करून घेण्याजोगी तपासणीही आहे. शब्दाच्या आरंभी वेलांटी किंवा काना आला, एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे सलग आली, किंवा पाय मोडल्याच्या खुणेनंतर लगेच स्वरचिन्ह आले, तर तेथे रूपांतर चुकले आहे असे समजावे. अशा जागा शोधणारी चार ओळींची आज्ञा पुरते. त्यानंतर सर्व लेखांतल्या वेगवेगळ्या शब्दांची यादी करून, जे शब्द एकदाच आले आहेत ते वाचून काढावेत. चुका तेथे दाटीने सापडतात. काही लेख छापील रूपात असतील, तर त्यांची पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरने वाचून घ्यावीत. त्यात मराठीची सोय आहे. ते घ आणि ध, भ आणि म यांत गफलत करते, पण रूपांतराच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात, म्हणून दोन मजकूर शेजारी ठेवून जेथे ते जुळत नाहीत तेवढ्याच जागा पाहिल्या तरी बहुतेक दोष हाती लागतात. हा उपाय मला फार उशिरा सुचला, आणि तोवर एका संपूर्ण स्मरणिकेचे मुद्रितशोधन मी ओळ न् ओळ वाचून केले होते.

सगळे झाल्यावर एक ठरवून टाका. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी अ आणि वरची चंद्रखूण असे दोन भाग जोडून ते लिहिले जाई, आणि आजही काही कीबोर्ड तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, म्हणून एका रूपात शोधले तर दुसऱ्यातला शब्द सापडत नाही. ‘ऱ’चेही असेच दोन प्रकार होऊ शकतात: एकच अक्षर, किंवा र आणि त्याखालचे टिंब, म्हणजे नुक्ता. कोणतेही एक रूप निवडून सर्व लेखांत तेच करून घ्यावे. मात्र वडिलांचे शुद्धलेखन सुधारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी ‘करणे’ऐवजी ‘करणें’ लिहिले असेल, तर तो अनुस्वार त्यांचा आहे.

आता कोणत्या ॲपमध्ये ठेवावे याविषयी. माझे मत स्पष्ट आहे: कोणत्याही नाही. साध्या मजकुराच्या फायलींत ठेवावे, यूटीएफ-८ या, युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या रूपात. हे रूप केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका भोजनालयात, जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर आखले, आणि जुन्या इंग्रजी फायली जशाच्या तशा त्यात चालाव्यात अशी त्याची रचना असल्यामुळे ते सर्वत्र पसरले. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरे, घेते. ‘क्षत्रिय’ आपल्याला तीन अक्षरी दिसतो, पण त्यात आठ चिन्हे आणि चोवीस बाइट असतात. हे उधळपट्टीचे वाटते खरे, पण हिशेब करून पाहा. दीड हजार शब्दांचा लेख साधारण तीस केबी होतो, आणि दीडशे लेख मिळून साडेचार एमबी, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एक-दोन छायाचित्रांएवढी जागा.

माझ्या स्वतःच्या टिपणांची सात वर्षे मी एका सुंदर सेवेच्या स्वाधीन केली होती. ती बंद झाली तेव्हा त्यांनी सर्व मजकूर परत दिला, हे खरे. पण तारखा गेल्या, टिपणांचे एकमेकांशी असलेले दुवे तुटले, आणि ‘ऱ’च्या जागी चौकोन आले. तेव्हापासून नवे सॉफ्टवेअर घेताना त्यात काय काय आहे हे मी नंतर पाहतो. आधी त्यात दहा ओळी मराठी लिहितो, त्या बाहेर काढतो आणि साध्या संपादकात उघडतो. त्या जशाच्या तशा बाहेर आल्या नाहीत, तर तेथेच थांबतो. घरखर्चाचा हिशेब, आईच्या औषधांच्या वेळा, गावच्या घराची कागदपत्रे कोठे आहेत त्याची यादी, हे सारे मी आता साध्या फायलींतच लिहितो, आणि माझ्या पत्नीला ते कोणत्याही संगणकावर उघडता येते, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आपल्याला वाचायला एखादे ॲप आवडत असेल तर जरूर वापरा, फक्त मूळ प्रत त्यात नसावी.

एका लेखाची एक फाइल करा आणि नावाच्या आरंभी साल व महिना आकड्यांत लिहा, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. फाइलच्या पहिल्या तीन-चार ओळींत शीर्षक, कोठे छापून आला ते, आणि मूळ फाइलचे नाव व फाँट नोंदवा. प्रती तीन असाव्यात: एक आपल्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नये, कारण त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो भार झिरपून जाऊ शकतो. दिवाळीत घर आवरताना तिन्ही प्रतींतली एकेक फाइल उघडून वाचावी. आणि एक संच कागदावर छापून बांधून घ्यावा. तो आपल्या आईला किंवा काकांना वाचायला देता येईल, आणि दर्या आणि दऱ्यांच्या चुका तेच सर्वांत आधी पकडतील.

सुरुवात सर्वांत मोठ्या लेखापासून न करता, ज्याचे छापील पान आपल्याकडे आहे अशा एखाद्या छोट्या लेखापासून करा. त्याच्या पहिल्या परिच्छेदातला इंग्रजी दिसणारा मजकूर, फाँटचे नाव आणि छापील पानाचे छायाचित्र येथे टाका. कृतिदेव, श्रीलिपी आणि शिवाजी यांच्या काही मांडण्यांचे तक्ते माझ्याकडे तयार आहेत, ‘ऱ्य’सकट, आपला फाँट त्यांत असेल तर तो तक्ता पाठवतो, आणि नसेल तर त्या पहिल्या पानावरून नवा तक्ता आपण मिळून करू.