वाचकांचे प्रश्न : गरिबीची रेघ कुठे ओढतात?

प्रश्न : अतिदारिद्र्याची जागतिक रेषा रोज माणशी ३ डॉलर आहे असे वाचले. बँकेच्या दराने हिशेब केला तर अनेक देशांत एवढ्यात बरे भागेल. मग त्याला अतिदारिद्र्य कसे म्हणायचे?

उत्तर : हे डॉलर बँकेच्या दराचे नाहीत, क्रयशक्ती समतेचे आहेत. २०२१ साली अमेरिकेत ३ डॉलरला जेवढे सामान आणि सेवा मिळत, साधारण तेवढ्यासाठी दुसऱ्या देशात त्या वर्षी जितके स्थानिक चलन लागे, ती त्या देशातली रेषा. गरीब देशांत ही रक्कम बँकेच्या दराने येणाऱ्या रकमेपेक्षा बरीच कमी भरते. म्हणजे आपण धरली त्याहून रेषा खाली आहे. घरभाडे, औषध, प्रवास, कपडे, जेवण सगळे त्यातच बसवायचे, आणि तेही अमेरिकेतल्या ३ डॉलरच्या ताकदीत.

मोजणी कुटुंब पाहणीतून होते. घराचा एकूण खर्च (काही देशांत उत्पन्न) नोंदवतात, घरच्या शेतातले खाल्लेले धान्यही बाजारभावाने त्यात धरतात. बेरजेला माणसांनी आणि दिवसांनी भागतात, महागाई वजा करून आकडा २०२१ च्या किमतींवर आणतात, मग क्रयशक्तीच्या गुणकाने डॉलरमध्ये बदलतात. चुका शिरायला वाटा बऱ्याच आहेत. ‘गेल्या सात दिवसांत काय खाल्ले’ आणि ‘गेल्या तीस दिवसांत काय खाल्ले’ या दोन प्रश्नांना एकाच घरातून वेगळी उत्तरे येतात, कारण महिनाभरापूर्वीचा किरकोळ खर्च आठवत नाही. घरात सगळ्यांना सारखा वाटा मिळतो असे गृहीत धरल्याने उपाशी राहणारी सून किंवा मुलगी आकड्यात दिसत नाही. बेघर, छावण्यांत राहणारे आणि युद्धक्षेत्रातले लोक बहुधा पाहणीच्या बाहेरच राहतात. शिवाय अनेक देशांत दोन पाहण्यांमध्ये काही वर्षांचे अंतर असते; मधल्या वर्षांचे आकडे आर्थिक वाढीच्या दरावरून अंदाजाने भरतात.

प्रश्न : जागतिक बँकेने २०२५ मध्ये रेषा २.१५ वरून ३ डॉलर केली आणि गरिबांची संख्या वाढली. गरिबी खरेच वाढली का?

उत्तर : नाही, मोजपट्टी बदलली. १९९० मध्ये ही रेषा १ डॉलर होती; पुढे १.२५, १.९०, २.१५ आणि आता ३. सगळ्यात गरीब देश स्वतःची राष्ट्रीय दारिद्र्यरेषा जिथे ओढतात, त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) म्हणजे ही रेषा. नव्या किमती आल्या आणि त्या देशांनीही आपल्या रेषा वर नेल्या. त्यामुळे २०२२ या एकाच वर्षाचा अंदाज ७१ कोटींवरून सुमारे ८४ कोटींवर गेला. वेगवेगळ्या रेषांवरचे दोन आकडे शेजारी ठेवून कल काढू नये. बातम्यांत ही चूक सर्रास होते.

प्रश्न : २०१५ पर्यंत गरिबी निम्मी करण्याचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच गाठले असे सांगतात. हे यश खरे की कागदी?

उत्तर : यश खरे आहे, पण उद्दिष्टाची शब्दरचना बारकाईने वाचली पाहिजे. १९९६ मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेत कुपोषितांची ‘संख्या’ निम्मी करण्याचे ठरले होते. संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या सहस्रक उद्दिष्टांत भूक आणि गरिबी या दोन्हींसाठी ‘प्रमाण’ निम्मे करायचे ठरले. फरक केवढा पडतो पाहा. १०० जणांत ४० गरीब असतील आणि लोकसंख्या १५० झाली, तर निम्मे प्रमाण म्हणजे २० टक्के, अर्थात ३० माणसे. उद्दिष्ट पूर्ण झाले, गरीब मात्र चाळीसातले दहाच कमी झाले. लोकसंख्या २०० झाली तर एकही कमी न होता उद्दिष्ट गाठता येते!

दुसरी गोष्ट आधारवर्षाची. घोषणा २००० ची, पण मोजणी १९९० पासून. चीनमध्ये नव्वदच्या दशकात झालेली मोठी घट त्यामुळे आपोआप जमेस धरली गेली.

तरी रोज १.२५ डॉलरच्या रेषेखालचे लोक १९९० मध्ये सुमारे १९० कोटी होते, ते २०१५ मध्ये ८४ कोटींच्या आसपास आले. संख्याही निम्म्याहून जास्त घटली, हे कागदी नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मात्र प्रमाण घटूनही गरिबांची संख्या वाढली.

प्रश्न : रेषेच्या थोडे खाली आणि खूप खाली यांत फरक करत नाहीत का?

उत्तर : नुसत्या शिरगणतीत नाही. २.९० डॉलरवाला आणि १ डॉलरवाला तिथे सारखेच. म्हणून सरकारांना सोपा रस्ता दिसतो : काठावरच्यांना थोडी मदत करून रेषेपलीकडे ढकलायचे, तळातल्यांना हातही लावायचा नाही. यावर उतारा म्हणजे दारिद्र्य-तूट : रेषेपर्यंत पोचायला कितीची कमतरता आहे हे रेषेच्या प्रमाणात मोजणे. पहिल्याची तूट साधारण ३ टक्के, दुसऱ्याची ६७. देशाचा अहवाल हाती आला तर हा रकाना आधी पाहावा.

प्रश्न : २०३० पर्यंत अतिदारिद्र्य संपवायचे हे बंधन आहे का? नसेल तर उपयोग काय?

उत्तर : कायदेशीर बंधन नाही आणि दंडही नाही. २०१५ मध्ये १९३ देशांनी संयुक्त राष्ट्रांत २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टे स्वीकारली, पहिले गरिबीचे. देश आपापला आढावा स्वेच्छेने संयुक्त राष्ट्रांत मांडतात, त्यामुळे तो गोड असण्याचा धोका आहेच. आताच्या वेगाने २०३० चे उद्दिष्ट गाठले जाणार नाही. २०२० च्या महामारीने आकडा बऱ्याच वर्षांत प्रथमच ठळकपणे वर गेला, आणि उरलेली गरिबी संघर्षग्रस्त देशांत साचत चालली आहे, जिथे पाहणीही होत नाही आणि मदतही पोचत नाही.

उपयोग दोन. पहिला, आकडा जाहीर झाला की पाहण्या कराव्या लागतात. अनेक देशांत नियमित पाहण्या सुरू होण्यामागे हा रेटा होता. दुसरा, जाब विचारायला लेखी वचन हाती येते. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश तो सातत्याने पाळत आले. बाकीचे किती मागे आहेत हे आज दर वर्षी टक्केवारीत सांगता येते, ते त्या ठरावामुळेच.