डॉक्टर म्हणतात 'बायपोलर असू शकतं'. आता घरात आम्ही काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की दहावीतली लेक दोन आठवडे जेमतेम तीन तास झोपायची, अखंड बोलायची, आणि आता महिनाभर अंथरुणातून उठत नाही. सासूबाई सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळात चला म्हणतायत. मी खानापूरकडचा. माझ्या मुलाला हाच आजार आहे: काही दिवस मॅनिया, म्हणजे अति-उत्साहाची लाट, आणि मग खोल नैराश्य. म्हणून लिहितोय.

'असू शकतं' म्हणाले म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. या वयात एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), नैराश्य, थायरॉईड, सगळं सारखंच दिसतं. बारा महिने चिडणारं पोर वेगळं. काही दिवस मूळ स्वभाव सोडून वागणारं आणि मग निवळणारं वेगळं. हे ओपीडीत कळत नाही, घरच्यांनाच दिसतं. त्यातही झोप बघा. मोबाईलपायी जागलेलं पोर सकाळी पेंगतं. मॅनियातलं पोर तीन तास झोपून पहाटे कपाट आवरायला काढतं, आणि वर ताजंतवानं!

आमच्याकडे बायको कालनिर्णयच्या चौकटीत रोज झोपेचे तास लिहिते. शेजारी एखादा शब्द: भांडण, खर्च, जेवला नाही. धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टरीणबाई कन्नड बोलणाऱ्या, आणि आमचा मुलगा घाबरला की मराठीशिवाय बोलत नाही. बाईंनी पानं उलटली, एका आठवड्यावर बोट ठेवलं, तीन, दोन, तीन, आणि थेट माझ्याकडे बघितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सध्या ती खचलेली आहे. अशा वेळी दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे गेलात तर आधीचे ते दोन आठवडे आवर्जून सांगा. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर मॅनिया उसळू शकतो. मुलगी आहे, तेव्हा व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं औषध) लिहून दिलं तर पुढे गरोदरपणात काय, हे आत्ताच विचारा. लिथियम, म्हणजे तसंच दुसरं औषध, असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. लिथियम चालू असताना मेडिकलमधून मनाने आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी तर आणूच नका, त्यानेही ते वाढतं.

सौंदत्तीला खुशाल जा. फक्त जागरण नको आणि गोळ्या बरोबर ठेवा. झोपमोडीने मॅनिया सुरू होतो. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आमचा मात्र दहाला घरात. यावरून दरवर्षी भांडण होतं, होऊ दे.

'मरावंसं वाटतं का?' असं तिला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या आणि शेतीची औषधं आजच कुलपात टाका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, रात्रीही चालतो.

शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला सांगा, गावभर नको.

आणि सासूबाईंना गोडीत घ्या. या आजारात घराण्याचा इतिहास डॉक्टर हमखास विचारतात. आपल्याकडे 'धारवाडला नेलं होतं' हे कुजबुजतच सांगतात, त्यामुळे कुठल्या काकाला, कुठल्या आत्याला, हे बहुतेक त्यांनाच ठाऊक असेल.