टॅब पेटीत ठेवू नका, उचल तर घेऊच नका

दादा, लेकीला दहावीत ९४ टक्के मिळाले, त्याचं मनापासून कौतुक. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी थांबले: 'लातूरच्या क्लासच्या फीसाठी मुकादमाकडून जादा उचल घ्यायचं मेहुण्यांनी ठरवलंय, आणि महाज्योतीचा टॅब मी पेटीत ठेवलाय.'

ऊसतोडीच्या मजुरीपोटी मुकादमाकडून आधीच घेतलेली ही उचल घेऊ नका. ती फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला तुमचा कोयता, म्हणजे तुम्हा नवरा-बायकोची जोडी, आधीच बांधला जाईल. मध्येच कुणी आजारी पडलं, तर बारावीतल्या पोरीला फडावर न्यायची वेळ येईल. तसं झालं नाही तरी, आपल्या एका परीक्षेवर आई-बापाचा हंगाम लागलाय, हे तिच्या मनात रोज राहील. एवढं ओझं घेऊन कुणाचा अभ्यास होतो? आणि नीट, जेईई, सीईटीची तयारी महाज्योती ही राज्य सरकारची संस्था त्याच टॅबवर फुकट करून घेते, रोजच्या ६ जीबी डेटासकट. मग कर्ज कशासाठी?

'पोरगी गेम खेळते, बॅटरीला आग लावते' असं तुम्ही लिहिलंय. दादा, तो गेम नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' नावाचा उपक्रम आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यात बोटानं वायर, बल्ब, बॅटरी जोडायची. बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरीनं जोडली की शॉर्ट सर्किट होतं आणि पडद्यावर ज्वाळा उठतात. शाळेची प्रयोगशाळा वर्षभर कुलपात होती, असं तुम्हीच सांगता. मग तिनं हे प्रयोग करायचे कुठे? फेटचे बरेच प्रयोग मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. ब्युरेट, म्हणजे रसायनशास्त्रातली मापाची काचनळी, हातात धरायची सवय मात्र पडद्यावर लागत नाही, म्हणून कॉलेजचं एकही प्रॅक्टिकल तिनं बुडवू नये.

आणखी एक. तिला डॉक्टर व्हायचंय, असं पत्रात कुठेच नाही. हे मेहुण्यांचं स्वप्न दिसतं. तिचा जीव विजेत रमत असेल, तर इंजिनिअरिंगसाठी सीईटी-जेईई आहे, शुद्ध विज्ञानासाठी पुण्याची आयसर ही केंद्राची विज्ञानसंस्था आणि तिची आयएटी ही प्रवेशपरीक्षा आहे. आधी तिला विचारा, मेहुण्यांना नंतर सांगा.

टोळी निघायच्या आत समाजकल्याण कार्यालयात जाऊन ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहाची चौकशी करा. तुम्ही कारखान्यावर असताना ती कुठे राहणार, हे क्लासच्या आधी ठरायला हवं.