संगणक-सल्ला: लग्नसराईत तापणारा प्रोसेसर

प्रश्न: ताई, नमस्कार. मी लग्नाच्या शूटिंगची कामं घेतो, एडिटिंग घरीच करतो. मशीन रायझन 5 3600, बोर्ड बी450, रॅम 16 जीबी, कूलर प्रोसेसरच्या डब्यात आलेलाच. हिवाळ्यात तासाभरात होणारा रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार होऊन निघणं) एप्रिल लागला की सव्वा तास खातो, कधीकधी मशीन मधेच बंद पडते. खोलीवर टिनं आहेत. मित्र म्हणतो, मोठा टॉवर कूलर बसव आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक कर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळव, कामं पटापट उरकतील. करू का?
– एक वाचक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, कूलर बसवाच. ओव्हरक्लॉक मात्र आता नको. हिंगणघाटात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात हीच तक्रार घेऊन सगळ्यात जास्त लोक येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हवेवर चालणारा कूलर, मग तो पाचशेचा असो की पाच हजाराचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश चढायचं एवढंच त्याच्या हातात असतं. तुमचा रेथ स्टेल्थ हा बुटका कूलर पूर्ण भारावर साधारण 55 ते 60 अंश चढू देतो. डिसेंबरात खोलीत 20 असतील तर प्रोसेसर 80 ला थांबतो, काही बिघडत नाही. टिनाखाली 42 झाले की तोच हिशेब शंभरीवर जातो, आणि एएमडीने या प्रोसेसरला 95 ची मर्यादा घातलेली आहे. ती गाठली की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. तुमची वरची पंधरा मिनिटं इथे जातात. चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि 120 मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर कूलर ही चढ 40-45 वर आणतो. म्हणजे त्याच खोलीत 85 च्या आसपास. पैसे देऊन घेतलेला वेग मे महिन्यातही टिकतो.

आता ओव्हरक्लॉकचं गणित बघा. रेंडर करताना तुमचा प्रोसेसर थंड असला तर सगळ्या कोअरवर चारेक गीगाहर्ट्झ चालतो. ओढून ताणून तो 4.2 वर जाईल. म्हणजे पाच टक्के, तासाच्या रेंडरमध्ये तीन मिनिटं. पण उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज 1.2 वरून 1.3 केलं आणि वेग पाच टक्के वाढवला, तर उष्णता जवळजवळ पावपट वाढली. नवीन कूलरने कमावलेले अंश त्यातच गेले. शिवाय ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. लग्नवाल्याला तारीख दिलेली असताना तीन मिनिटांसाठी हा धोका घेऊ नका.

उलट उन्हाळ्यापुरतं मी गिऱ्हाइकांना दुसरंच करून देते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीपीटी नावाची मर्यादा असते, प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची याची, तुमच्या प्रोसेसरला ती 88 वॅट आहे. ती 65 वर आणली की रेंडर थोडासाच लांबतो, पण तापमान बरंच उतरतं आणि दुपारी दोन वाजताही वेग एकसारखा राहतो.

कूलर विकत घेण्याआधी जुन्याच्या आत बघा. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तंतू असतो, गावात शेतातली माती. पंखा आणि कूलरच्या धातूच्या पट्ट्यांच्या मधे दोन्ही मिळून राखाडी थर बसतो. पंखा सोडवून तो चिमटीत धरला की अख्खा निघून येतो, आणि खाली पट्ट्या कोऱ्या दिसतात. बाहेरून मशीन स्वच्छ दिसत असते, कारण थर पंख्याच्या आड असतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

आता बदलण्याचं काम. तुमच्या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, 1331. सॉकेटची पकड ढिली आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट सुकून चिकट. थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर त्याच्यासोबतच उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं रेंडर लावून पेस्ट नरम होऊ द्या. मग मशीन बंद करा, प्लग काढा. चारही स्क्रू तिरप्या जोडीने थोडेथोडे सोडा. मागची प्लेट बोर्डाखाली सुटते, तिला एका हाताने आधार द्या. कूलर आधी डावीउजवीकडे हळू फिरवा, सुटला असं हाताला कळलं की मगच उचला. इथे घाई नको, पूर्ण कामात नुकसान होण्याची जागा हीच एक.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरे, पसरवायचं काम कूलरचा दाब करतो. डीपकूलचा एके400 घेतलात तर उंची 155 मिलिमीटर आहे. आधी प्रोसेसरपासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत पट्टीने मोजा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. पंख्याचा वारा पुढून मागे जायला हवा.

मशीन मधेच बंद पडते म्हणता, ते मला जास्त खटकतं. रायझन तापला की सहसा मंदावतो, एकदम बंद होत नाही. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून रेंडर चालू असताना तापमान बघत राहा. 95 ला न पोचताच मशीन बंद झाली तर आधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तपासा, स्वस्तातले एसएमपीएस उन्हाळ्यात आणि कमीजास्त व्होल्टेजवर दम सोडतात. नवीन कूलर लावूनही मग तो त्रास जाणार नाही.

खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर उत्तम. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली दहा-बारा अंशांनी उतरवतो, आणि तेवढेच अंश प्रोसेसरचेही उतरतात. खिडकी उघडी ठेवा, पण झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. विहिरीच्या क्षाराच्या पाण्याचे तुषार बोर्डावर वाळले की पांढरे डाग पडतात आणि गंज धरतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्या कूलरचा उपयोग जवळजवळ संपतो.

हौस असेल तर ओव्हरक्लॉक थंडीत करून बघा. बायोसमध्ये मल्टिप्लायर (वेग ठरवणारा आकडा) 41, म्हणजे 4.1 गीगाहर्ट्झ, करा, व्होल्टेज 1.3 वर बांधून ठेवा. मी या प्रोसेसरचं व्होल्टेज त्याच्या वर नेत नाही. तासभर रेंडर टिकला तर पाव-पाव करत 42 पर्यंत जा. आधी कंपनीची सेटिंग वेगळ्या प्रोफाइलमध्ये जपा, आणि होळी झाली की तीच परत लावा. त्याआधी एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसची सेटिंग, सुरू आहे का तेही बघा. 3200 ची रॅम घेऊन ती 2133 वर चालवणारे पुष्कळ भेटतात, आणि ती पूर्ण वेगाने लावल्याने प्रोसेसर विशेष तापत नाही.

प्रश्न: आमच्या शाळेत आय5-10400 चा संगणक आहे, बोर्ड एच410. कूलर बदलून तो ओव्हरक्लॉक होईल का?
– एक शिक्षक, जि. वाशिम

उत्तर: नाही सर. इंटेलच्या या प्रोसेसरचा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे. तो नावात के असलेल्या प्रोसेसरचाच मोकळा असतो, आणि त्यालाही झेड मालिकेचा बोर्ड लागतो. कूलरवर खर्च करू नका. मशीनमध्ये अजून हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा, एच410 वर दोनच जागा असतात, म्हणून घेताना जीबी आणि वेग जुन्या पट्टीवरचं लेबल बघून घ्या.