चादर विसर, पृथ्वीगोल घे

प्रश्न : आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेचा, प्रकल्प होतोय म्हणून सरांनी वर्गात आइनस्टाइनवरचा व्हिडिओ दाखवला. ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवला की खड्डा पडतो, गोट्या त्याच्याभोवती फिरतात, हेच गुरुत्वाकर्षण, असं त्यात होतं. पण गोळ्याला पृथ्वी खाली ओढते म्हणूनच खड्डा पडतो ना? मग जे समजावायचंय तेच आधी गृहीत धरल्यासारखं नाही का झालं?
– अकरावी सायन्सची विद्यार्थिनी

उत्तर : अगदी बरोबर पकडलंस, आणि मला स्वतःला ते चादरीचं उदाहरण अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा शाळेतला पृथ्वीगोल घे.

समज विषुववृत्तावर दोघं जण १०० किलोमीटर अंतरावर उभे आहेत आणि दोघंही नाकासमोर, सरळ उत्तरेकडे चालायला लागले. सुरुवातीला त्यांच्या वाटा एकदम समांतर, कोणी डावीकडे वळत नाही की उजवीकडे, तरीपण नागपूरच्या अक्षांशावर पोचेपर्यंत त्यांच्यातलं अंतर साधारण ९३ किलोमीटर झालेलं असतं, ६० अंशांवर ५०, आणि उत्तर ध्रुवावर तर दोघं एकमेकांवर धडकतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल यांच्यात काहीतरी ओढ आहे. ओढ कसलीच नाही गं, जमीनच गोल आहे!

आता 'उत्तरेकडे जाणं' याच्या जागी 'वेळ पुढे सरकणं' असं ठेव. उंचावरून दोन दगड शेजारीशेजारी धरून एकदम सोडले तर दोघंही पृथ्वीच्या केंद्राच्या दिशेने पडतात, म्हणजे पडता पडता किंचित जवळ येतात. न्यूटन म्हणेल पृथ्वीने ओढलं. आइनस्टाइन म्हणतो दोघंही नाकासमोरच चाललेत, पृथ्वीच्या वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ मिळून जो पट होतो तोच वाकलाय. आणि चादरीत नेमका काळच गायब असतो, खरं तर आपल्या रोजच्या पडण्याझडण्यात काळाचं वाकणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते मोजताही येतं, जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे थोडी मागे पडतात ते वजा जाऊनही जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात मोबाइलवरचं लोकेशन कित्येक किलोमीटर चुकेल.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? ही वाकलेल्या जागेची भूमिती रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५४ मध्येच मांडून ठेवली होती. आइनस्टाइनला ती येत नव्हती, झुरिकमध्ये त्याचा गणितज्ञ मित्र ग्रॉसमान याने त्याला त्या वाटेवर आणलं आणि मग नोव्हेंबर १९१५ मध्ये समीकरणं जमली. बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबापेक्षा शतकामागे ४३ विकला जास्त सरकते, एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, हे कोडं कित्येक वर्षं सुटत नव्हतं, ते या भूमितीतून आपोआप सुटलं, वरून काही जोडावं लागलं नाही.

आणि तुमच्या औंढ्याजवळ जे मोजणार आहेत ते हेच, नाकासमोरच्या वाटांमधलं अंतर. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना टांगलेले आरसे, दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात लहर उठते आणि आरशांमधलं अंतर क्षणभर कमीजास्त होतं. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला अशी लहर पहिल्यांदा पकडली तेव्हा तो फरक प्रोटॉनच्या आकारापेक्षाही शेकडो पटींनी कमी होता. तुझ्या गोलावर १०० चे ९३ झाले, तिथे एवढासाच बदल, पण गणित एकच.